मोजदाद

शाळा बंद होती, म्हणून मला मोजायला बसवलं.
पदार्थविज्ञान शिकवतोस ना, म्हणाले,
मग ही नळकांडी तुलाच कळतील.

नालूतचं जुनं कोठार. मातीचे खण, एकावर एक,
खजुरीच्या लाकडाची बुटकी दारं.
जिथे जव असायचा, तेलाचे रांजण असायचे,
तिथे आता हिरव्या पेट्या.
मी लिहितो:
नळी एक. मूठ नाही. बॅटरी नाही.
नळी एक. मूठ आहे. बॅटरी फुगलेली.
नळी एक. आत विंचू.

खांद्यावर घेऊन पाहिली.
चार वर्षांचं पोर दमून झोपलं की
बाप उचलतो, तेवढं वजन.
एक माणूस, एक खांदा,
आणि आख्खं विमान खाली.
हे खरं आहे. होताना पाहिलंय मी.

पण कागदाला दुसरा रकानाही असतो.
बॅटरी एकदा जागी केली की मिनिटभरही टिकत नाही.
तेवढ्यात शोधा, ओळखा, ठरवा;
नाहीतर टाकून द्या.
फार उंचावरून गेलं तर पोचत नाही.
फार जवळून गेलं तरी नाही.
ढगातलं दिसत नाही.
विमानानं मागे आगीचे गोळे सांडले
तर त्यांच्याच नादी लागतं.
आणि हे जुनं बनावटीचं आहे,
समोरून येणाऱ्याला ओळखतच नाही.
पाठ फिरली, तापलेलं शेपूट दिसलं,
की मग धावतं.
म्हणजे बॉम्ब पडून झाल्यावर.

आपला कोण, परका कोण, त्याला विचारू नये.
त्याला ऊब कळते,
बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी मासीन आला.
माझ्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा,
आता दाढी.
आईच्या घोंगडीत गुंडाळून एक नळी आणलेली.
रिकामी.
"हीपण लिहा, उस्ताद."
रिकाम्या मोजायच्या नाहीत, मी म्हटलं, नियम आहे.
तो उभाच राहिला.

मार्चमधली संध्याकाळ, म्हणाला.
विमान दोनदा येऊन गेलं होतं.
मी सिफाव काकाच्या गच्चीवर.
कानात ती गुणगुण सुरू झाली,
दिसलं, दिसलं, असं म्हणणारी.
मी दाबलं.
ते वर गेलं, सरळ गेलं,
आणि मग हळूच वळलं,
जसं कुणी मागून हाक मारावी.
विमान गेलं दक्षिणेला.
ते गेलं पश्चिमेला, ट्युनिसच्या डोंगरांकडे,
जिथे सूर्य टेकत होता.
बराच वेळ धूर दिसत होता.
छान दिसत होता, उस्ताद. मी बघत राहिलो.

तिसऱ्या फेरीत तेलाचा घाणा गेला.
घाण्यात तिझिरी होती.

"मी चुकलो का?"

मीच शिकवलं होतं त्याला:
तापलेली प्रत्येक वस्तू बोलत असते,
आपल्याला न दिसणाऱ्या रंगात.
फळ्यावर सूर्य काढला होता, पिवळ्या खडूनं,
आणि खाली लिहिलं होतं, सर्वांत मोठा आवाज याचा.
शेवटच्या बाकावरून कुणीतरी हसलं होतं,
बहुतेक हाच.

मी म्हटलं, नाही.
मग पुन्हा म्हटलं, नाही, कारण पहिलं नीट आलं नव्हतं.

पेन उचललं.
नळी एक. रिकामी.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद,
त्यात बारीक अक्षरात:
सूर्यावर डागलं. लक्ष्य टप्प्याबाहेर.
त्यानं वाकून वाचलं, मान हलवली,
एका अक्षराची चूक दाखवली. सुधारली.

नळी ठेवून गेला.
घोंगडी मात्र झटकली, घडी घातली,
काखेत मारली.
आईनं मागितली आहे म्हणाला,
वर रात्री फार गारठा पडतो.